राक्षसाचा तोल

रात्री उशिरा, घर निजलेलं असताना, काचेच्या कपाटातून 'टक्' असा एक कोरडा आवाज येतो. कपाटाला कुणी हात लावलेला नसतो, खिडकी बंद असते, पंख्याचा वाराही तिथवर पोचत नाही. सकाळी बघावं तर आठवडाभर ताठ उभा असलेला गॉडझिला तोंडावर पडलेला, पाठीचे कंगोरे वर, शेपटी हवेत, एका हाताची नखं काचेला टेकलेली. सांधे हलणारी प्लास्टिकची मूर्ती, म्हणजे फिगर, ज्यांच्या घरात आहे, त्यांतल्या बहुतेकांना हा आवाज ओळखीचा असेल. उचलून ठेवला की तो पुन्हा उभा राहतो. चार-आठ दिवसांनी पुन्हा तेच. तुटलेलं काही नसतं, निखळलेलं काही नसतं, आणि म्हणूनच ही गोष्ट मनातून जात नाही. जपानी चित्रपटांत टोकियो पायाखाली घालणारा प्राणी पंधरा-सोळा सेंटिमीटरचा होऊन आपल्या फळीवर आला आणि त्याला स्वतःच्या पायांवर उभं राहता येईना, हे बघवत नाही.

नवी फिगर कशी आहे असं विचारलं की बोलणं चेहऱ्यापासून सुरू होतं. मग किती सांधे आहेत, मग रंग, मग किंमत. माझ्या मते सुरुवात घोट्यापासून करावी. अशा फिगरच्या घोट्यात बहुधा हरभऱ्याएवढा एक गोळा असतो आणि तो पावलातल्या वाटीत बसलेला असतो. मांड्या, पोट, पाठीवरचे कंगोरे, मोठं डोकं, सगळा भार या दोन हरभऱ्यांवर. गोळा आणि वाटी सहसा एबीएसची, म्हणजे कडक प्लास्टिकची, आणि वरची खडबडीत कातडी पीव्हीसीची. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात, त्यामुळे खवल्यांचं बारीक काम साच्यातून न तुटता निघतं. पण मऊ प्लास्टिकवर सतत एकाच दिशेनं भार पडला की ते अगदी सावकाश, डोळ्याला न दिसता, त्या दिशेला वाकत जातं. इंजिनिअर याला क्रीप म्हणतात. उन्हाळ्यात हा वेग वाढतो. घोटा आज केसभर पुढे जातो, उद्या आणखी केसभर, आणि ज्या क्षणी अंगाचा भार पायाच्या बोटांच्या रेषेपुढे जातो त्या क्षणी तो 'टक्' आवाज येतो. रात्रीच का, याला विशेष कारण नाही. दिवसाही पडतो, फक्त आवाज ऐकू येत नाही.

हे तपासायची सोपी रीत आहे. फिगर भिंतीला समांतर, बाजूनं दिसेल अशी उभी करावी आणि नाकाच्या टोकाच्या बरोबर खाली फळीवर पेन्सिलीनं बारीक ठिपका द्यावा. आठ दिवसांनी नाक ठिपक्याच्या पुढे गेलं असेल तर कुठला तरी सांधा खचतोय. पावलं ठिपक्याच्या मानानं जागच्या जागी आणि नडगी कललेली असेल तर दोष घोट्याचा. नडगी सरळ, पण मांडी पुढे आली असेल तर गुडघ्याचा. दोन्ही जागच्या जागी आणि छातीच तेवढी पुढे झुकली असेल तर पोटातला सांधा ढिला आहे. दुकानात पाच मिनिटं हातात घेऊन हे कळत नाही. म्हणून डबा उघडल्याच्या दिवशी लिहिलेल्या परीक्षणावर माझा फारसा भरवसा नसतो.

मग येते शेपटी.

गॉडझिलाची शेपटी जवळजवळ त्याच्या उंचीएवढी, कधी त्याहून लांब. चांगल्या फिगरमध्ये ती लहान लहान मण्यांसारख्या तुकड्यांची असते. प्रत्येक तुकड्याच्या एका टोकाला गोळा, दुसऱ्या टोकाला वाटी, आणि वर खवल्यांची कड अशी बेतलेली की शेपटी वळली तरी मधली फट उघडी पडू नये. तपासताना शेपटी मुळाशी धरून आडवी उचलावी. टोक आपोआप लोंबलं तर मधले गोळे सैल आहेत. मुळाजवळच खाली वाकली तर पहिला, सगळ्यांत मोठा सांधा कमजोर आहे, आणि हा दोष जास्त वाईट, कारण सगळ्या शेपटीचं वजन त्याच एका ठिकाणी येतं. काही फिगरमध्ये तुकड्यांऐवजी आतून तार घातलेली असते. ती हवी तशी वळते, बाहेरून एकही फट दिसत नाही, पण वर्षभर एकाच जागी वाकवत राहिलं की तार आतल्या आत तुटते, आणि ती दुरुस्त करायला शेपटी कापण्यावाचून मार्ग नसतो. तारेची शेपटी मोठ्या वळणात वाकवावी, कोन करू नये. तुकड्यांच्या शेपटीत उलट. तिथं प्रत्येक तुकडा थोडा थोडा फिरवला तरच वळण जिवंत दिसतं. एकाच सांध्यावर सगळा वाक दिला की ती मोडलेल्या फांदीसारखी दिसते.

शेपटी हा तिसरा पाय आहे असं सगळे म्हणतात आणि ते बरोबरही आहे, पण पूर्ण बरोबर नाही. ती कुठे टेकते यावर सगळं अवलंबून. फक्त टोक टेकलं तर आधार मिळत नाही, कारण टोक हलकं असतं आणि घसरतं. मुळापासून एक तृतीयांश अंतरावर शेपटीचं पोट फळीला लागलं पाहिजे. तिथून पुढचा भाग उचलून बाजूला वळवला तरी चालतो, किंबहुना तसा वळवावाच, कारण जुन्या चित्रपटांत शेपटी तशीच हलायची. स्टुडिओत ती वरून पियानोच्या तारांनी टांगलेली असायची आणि छताजवळच्या मचाणावरून माणसं ती हलवायची. गॉडझिलाचा सूट घालून चालणाऱ्या माणसाचा शेपटीवर ताबा नसायचाच. पुढचं धूड एकाच्या मनाप्रमाणे चालतंय आणि मागचं दुसऱ्यांच्या हातांनी, यातून जो एक किंचित उशिरा येणारा, आळसावलेला हेलकावा तयार झाला, तोच आपल्याला गॉडझिलाची चाल म्हणून ठाऊक आहे.

गॉडझिलाची फिगर पारखताना आत माणूस होता हे मी कधी विसरत नाही. १९५४ साली तोहो स्टुडिओनं पहिला चित्रपट केला तेव्हा विशेष दृश्यांचे दिग्दर्शक एइजी त्सुबुराया यांनी बनवून घेतलेला पहिला सूट सुमारे १०० किलोंचा होता. तो इतका कडक निघाला की आतल्या माणसाला जेमतेम काही पावलं टाकता येत. मग दुसरा, थोडा हलका सूट झाला आणि पहिला कापून त्याच्या पायांचा भाग पाऊल जवळून दाखवायच्या दृश्यांना वापरला. आत होते हारुओ नाकाजिमा. टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयात जाऊन त्यांनी हत्ती आणि अस्वलं कशी पाऊल टाकतात हे बघितलं होतं, आणि १९७२ पर्यंत ते हे काम करत राहिले. त्यांचं डोकं गॉडझिलाच्या डोक्यात नसायचं, मानेत असायचं, आणि मानेवरच्या बारीक भोकांतून ते बाहेर बघायचे. ही एक गोष्ट कळली की फिगरची मान पारखता येते. माणसाची मान जिथं वळते ती जागा गॉडझिलाच्या छातीच्या वरच्या काठाशी येते. त्याच्या वरचा भाग, म्हणजे आपल्याला जी मान दिसते ती, सूटमध्ये फारशी वळू शकत नव्हती. ज्या फिगरमध्ये मानेच्या मुळाशी मोठा सांधा आणि जबड्याखाली एक लहान सांधा आहे, तिचं डोकं वळवलं की ती लगेच ओळखीची वाटते. जिथं मानेच्या मधोमध सापासारखे चार तुकडे पाडलेत, तिथं वळण सुंदर येतं आणि गॉडझिला मात्र हरवतो.

सांधे जितके जास्त तितकी फिगर चांगली, हा हिशेब म्हणूनच मला पटत नाही. जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे सांगावं लागणार नाही. देवाचा किंवा राक्षसाचा मोठा मुखवटा चढवला की नाचणाऱ्याची चाल बदलते. मान फिरवायची तर खांद्यांसकट फिरावं लागतं, पाऊल टाकायच्या आधी अंग एकदा मागे रेलतं. त्या जडपणातूनच समोर माणूस नाही, दुसरंच कुणीतरी आहे असं वाटू लागतं. सूटमधल्या गॉडझिलाचं तसंच. त्याची मांडी फार वर येत नाही, गुडघा फार मुडपत नाही, हात डोक्याच्या वर जात नाहीत. फिगरचा गुडघा १२० अंशांत वाकत असेल, तर ते वाकणं कुठल्या पोझसाठी हे आधी विचारावं. उत्तर काळावर ठरतं. साठ-सत्तरच्या दशकांतला गॉडझिला मोकळा होता. १९६५ मध्ये तो आनंदानं उड्या मारतो, १९७३ मध्ये शेपटीवर घसरत येऊन दोन्ही पायांनी लाथ घालतो. त्या काळच्या फिगरला मोकळे गुडघे आणि खोल वाकणारी कंबर हवीच. १९८४ ते १९९५ मधल्या, केनपाचिरो सात्सुमा यांनी चालवलेल्या गॉडझिलाला ती नकोत. त्या रुंद मांड्यांमध्ये सांध्यासाठी खोल खाच पाडली की उभ्या स्थितीत जांघेत काळी भेग दिसते, आणि पाच-सहा हात अंतरावरूनही डोळा तिथंच जातो.

जांघ हीच या सगळ्या व्यवहाराची खरी जागा. इथं मूर्तिकार आणि सांधे बसवणारा एकमेकांसमोर येतात. मूर्तिकाराला अखंड कातडी हवी असते, सांधेवाल्याला पाय पुढे टाकता आला पाहिजे. बांदाई या जपानी कंपनीच्या एस.एच. मॉन्स्टरआर्ट्स या २०१० मध्ये सुरू झालेल्या मालिकेतल्या बऱ्याच मूर्ती युजी साकाई यांनी घडवल्या. खवल्यांच्या ओळींतूनच सांध्याची रेघ नेण्याचं त्यांचं कसब बघण्यासारखं आहे. रेघ आहे हे माहीत असूनही शोधावी लागते. कायोदो कंपनीच्या रिव्होल्टेक या मालिकेत, २००६ पासून, कात्सुहिसा यामागुची यांचा तो 'कट-कट' आवाज करणारा दातेरी सांधा आला. तो खचत नाही, कारण दाते त्याला धरून ठेवतात. पण दोन दात्यांच्या मधली जागा त्याला घेता येत नाही, त्यामुळे तोल केसभर सुधारायचा असेल तर तो सुधारता येत नाही. नेका या अमेरिकी कंपनीच्या फिगर सांधे मोजून मापून देतात आणि रंगावर जास्त जीव लावतात. तिथं '१२ इंच' लिहिलेलं असेल तर ती उंची समजू नये. ते माप डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंतचं आहे, उंची साधारण त्याच्या निम्मी भरते.

आता नवा सांधा पहिल्यांदा हलवायचा कसा, याबद्दल. सगळ्यांत जास्त फिगर याच पहिल्या अर्ध्या तासात मोडतात. कारखान्यात रंग दिल्यावर भाग जोडतात किंवा जोडल्यावर रंग देतात, आणि रंगाचा पातळ थर गोळा व वाटी यांच्यामध्ये सुकून डिंकासारखा बसतो. मांडी फिरवायला गेलं की ती हलत नाही. जोर लावला की एक मऊ 'चर्र' जाणवतं. हाताला जाणवतं, कानाला नाही. तिथंच थांबावं. गोळा ज्या खुंटीवर बसवलेला असतो तिच्या मुळाशी नीट बघावं. गडद प्लास्टिकवर दुधट पांढरी रेघ उमटली असेल तर प्लास्टिक आतून ताणलं गेलंय, आणि पुढचा पीळ ती खुंटी वाटीतच तोडणार. त्याऐवजी आधीच पाणी गरम करावं, ६० ते ७० अंशांचं, म्हणजे बोट क्षणभरही ठेववणार नाही इतपत, पण उकळतं नाही. तेवढाच भाग ३० ते ६० सेकंद बुडवावा, बाहेर काढून फडक्यात धरावा आणि सांध्याच्या अगदी जवळ, दोन्ही बाजूंना, चिमटीत पकडून अगदी थोडं मागे-पुढे करावं. लांबून, पावलाला धरून मांडी कधीच फिरवू नये. तरफ लांब झाली की बोटांना कळायच्या आधी खुंटी जाते. सांधा सुटला की पूर्ण फेरा घ्यावा, म्हणजे सुकलेला रंग पावडर होऊन बाहेर येतो. फिगरमध्ये दिवा किंवा बॅटरी असेल तर पाणी नको, हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून फिरवावा.

तेल घालायचंच असेल तर सिलिकॉनचं, रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांच्या शॉक अ‍ॅब्झॉर्बरमध्ये घालतात ते, आणि टाचणीच्या टोकावर राहील एवढंच. शिवणयंत्राचं तेल नको, पेट्रोलियमच्या तेलानं ताणाखालच्या एबीएसला बारीक तडे जातात. खोबरेल तर नकोच. थंडीत थिजतं, धूळ धरतं, खवट वास येतो. उलट सांधा सैल असेल तर गोळा वाटीतून काढावा, त्यावर फेव्हिक्विकचा अगदी पातळ थर बोटभर काडीनं फिरवावा, आणि तासाभरानं, पूर्ण कोरडा झाल्याची खात्री झाल्यावरच परत बसवावा. ओला असताना बसवला की सांधा कायमचा गेला. नेलपॉलिश लावायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मानू नये. त्यातला द्रावक एबीएस खातो. पारदर्शक भागांना तर आणखी जपावं. १९९५ च्या चित्रपटातला जळता गॉडझिला अंगभर नारिंगी चकाकतो. त्या सूटच्या आत दिवे होते आणि त्यातून वाफ म्हणून कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडत, सात्सुमा यांचा जीव त्यात गुदमरला होता. फिगरमध्ये ती आग पारदर्शक नारिंगी प्लास्टिकनं दाखवतात, आणि पारदर्शक प्लास्टिक रंगीत प्लास्टिकपेक्षा ठिसूळ असतं. त्याला पांढरी रेघ यायचीही उसंत मिळत नाही. गरम न करता ते भाग हलवूच नयेत.

चेहऱ्याकडे यायला मी उशीर केला, कारण चेहरा लगेच आवडतो आणि मग बाकीचं बघायचं राहून जातं. मूर्ती कुठल्या सालची म्हणून विकली जातेय ते आधी बघावं आणि मग मोजायला लागावं. १९५४ च्या गॉडझिलाला कान आहेत आणि पायाला चार बोटं. १९६२ पासून कान गेले, बोटं तीन झाली. १९८४ मध्ये कान परत आले, चौथं बोट परत आलं. १९८९ च्या सूटला दातांच्या दोन ओळी दिल्या, मांजरासारखा आखूड जबडा आला. २०१६ च्या गॉडझिलाचे तळहात वर आभाळाकडे वळलेले आहेत आणि त्याची शेपटी जमिनीला टेकतच नाही. त्याच्या आत सूट नव्हता, पण हालचाली क्योगेन या जुन्या जपानी विनोदी नाट्यप्रकारातले नट मानसाइ नोमुरा यांच्याकडून टिपून घेतल्या होत्या, त्यामुळे तो खांदे न हलवता सरकतो. या फिगरला शेपटीखाली आधाराची काडी लागते आणि ती डब्यात दिलेली नसेल तर तो उणेपणा धरावा. पाठीच्या कंगोऱ्यांच्या तीन मुख्य ओळी असतात, मधली मोठी, कडेच्या लहान. डब्यात दाबून बसवल्यामुळे टोकं वाकडी झालेली असतात. गरम पाण्यात धरून, बोटांनी सरळ करून, लगेच गार पाण्यात बुडवली की तशीच राहतात. हे दहा मिनिटांचं काम आहे, त्यासाठी कुणी फिगर परत पाठवू नये.

गणपतीच्या कारखान्यात सगळं अंग रंगवून झाल्यावर डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी, आणि सर्वांत जाणत्या हाताकडे. इथंही जीव डोळ्यांतच येतो. फरक एवढाच की इथं बहुधा रबरी ठशानं बुबुळ उमटवतात, आणि ठसा अर्धा मिलिमीटर सरकला की प्राणी चकणा होतो. दोन्ही बुबुळं समोरून, नाकाच्या रेषेतून बघावीत. मग खालून बघावं. वरून चांगले दिसणारे डोळे खालून बघितल्यावर घाबरलेले दिसतात, आणि गॉडझिलाकडे तर खालूनच बघायचं असतं. दात एकेक सुटे रंगवलेले हवेत. हिरड्यांचा लाल रंग दातांवर चढलेला असेल तर तोंड रक्ताळलेलं दिसतं. अंगाचा रंग हिरवा असेल तर जपानी चित्रपटाशी त्याचं फारसं नातं नाही, पडद्यावरचा सूट बहुतेक सगळा काळ कोळशासारखा करडा होता. करड्यावर कोरड्या ब्रशनं फिकट करडा फिरवला की खवल्यांची शिखरं उठतात, फक्त दऱ्यांत गडद पातळ रंग सोडला की खोली येते. दोन्ही केलंय का हे फोटोवरून कळतं. फोटो एकाच दिव्याच्या तिरप्या उजेडातला हवा. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत सगळ्याच फिगर सारख्या दिसतात.

उंचीबद्दल थोडक्यात. १९५४ चा गॉडझिला ५० मीटर, १९८४ चा ८०, १९९१ चा १००, २०१६ चा ११८.५, २०२३ चा पुन्हा ५०.१. सूट वापरलेल्या चित्रपटांत मात्र तो नेहमी साधारण दोन मीटरचाच होता, बदलायची ती इमारतींची मापं. ५० मीटरला २५ पट लहान, ८० ला ४० पट, १०० ला ५० पट. फिगरचंही तसंच. १५ सेंटिमीटरची १९५४ ची फिगर सुमारे ३३३ पट लहान, १६ सेंटिमीटरची १९९१ ची ६२५ पट. म्हणून दोन काळांचे गॉडझिला एका फळीवर ठेवून 'प्रमाण चुकलं' म्हणण्यात अर्थ नाही. आपण प्राण्याचं नव्हे, सूटचं प्रमाण ठेवतोय, आणि मला तेच योग्य वाटतं.

आपल्या हवेत हे प्लास्टिक जगवायचं कसं, हा प्रश्न टोकियोतल्या माणसाला तितका पडत नसेल. नागपूरला मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या आसपास जातो, आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं बंद काचेचं कपाट खोलीहून गरम असतं. पडण्याचं प्रमाण तेव्हा वाढतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या डब्याला बुरशी धरते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या बदलत राहाव्यात. एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. सील न फोडलेली फिगर नेहमीच सुरक्षित नसते. पीव्हीसीतला प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर येतो, आणि बंद ट्रेमध्ये त्याला उडून जायला वाट नसल्यानं तो कातडीवरच साचतो. दहा वर्षांनी डबा उघडला की फिगर चिकट लागते, ट्रेचे ठसे मांडीवर उमटलेले असतात. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, सावलीत वाळवणं, एवढ्यानं चिकटपणा जातो, पण काही महिन्यांनी परत येतो. खोक्यातून काढून हवेत उभी ठेवलेली फिगर त्या मानानं कोरडी राहते. थेट ऊन नको, पांढरट हाडासारखे कंगोरे त्यानं पिवळे पडतात. धुळीला मेकअपचा मऊ ब्रश पुरतो, कापड नको, खवल्यांत दोरे अडकतात.

नकली मालाबद्दल सावध करावंसं वाटतं, कारण आपल्याकडे खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० वर गेलं. त्यामुळे खरी फिगर महाग पडते आणि निम्म्याहून कमी किमतीत दिसली की हात पुढे जातोच. जपानी डब्यावर तोहोच्या परवान्याचा लहान चकाकता स्टिकर असतो. पावलाच्या तळव्यावर किंवा शेपटीखाली तोहोचं नाव उठावदार अक्षरांत असतं. नकलेत ते पुसट किंवा गायब, कारण नक्कल मूळ फिगरवरूनच साचा काढून करतात. त्यामुळे नकली फिगर मुळापेक्षा किंचित लहानही भरते, खवल्यांच्या कडा साबणासारख्या गोल होतात, कुशीवरून साच्याची शिवण जाड चालत जाते, आणि डबा उघडताच थिनरसारखा उग्र वास येतो. पण मला सगळ्यांत जास्त खटकतो तो तिचा घोटा. वाटी मोठी, गोळा लहान, आणि प्लास्टिक नको तिथं मऊ. चेहरा कसाबसा साधतो, उभं राहणं साधत नाही.

तर तो सकाळी तोंडावर पडलेला गॉडझिला. त्याला उचलावं, आधी नाकाचं टोक आणि नखं शाबूत आहेत का बघावं, मग उभा करायची घाई न करता उताणा धरून पावलं बघावीत. दोन्ही पावलांमधलं अंतर खांद्यांएवढं करावं आणि बोटं थोडी बाहेर. घोटे आतल्या बाजूला कलवावेत, म्हणजे पाय फाकलेले असूनही तळवा सपाट टेकतो. हे न केल्यामुळे पाऊल फक्त आतल्या कडेवर उभं राहतं, आणि निम्म्या फिगर याच कारणानं पडतात. गुडघे किंचित वाकवावेत. ताठ गुडघ्यावर सगळा भार सांध्याच्या टोकावर येतो. कंबर केसभर मागे, छाती केसभर पुढे, डोकं खाली. गॉडझिला तोंडातून सोडतो त्या निळ्या किरणाचा प्लास्टिकचा तुकडा लावायचा असेल तर त्याला स्वतंत्र काडी द्यावी, कारण तो हलका दिसला तरी नाकापुढे वीतभर लांबवर ओढतो. शेपटीचा मुळाचा तुकडा खाली दाबावा, चौथ्या-पाचव्या तुकड्याचं पोट फळीला लागू द्यावं, आणि तिथून पुढे डावीकडे एक सैल वळण.

हात काढून घेताना एक क्षण असा येतो की बोटांना त्याचं वजन लागेनासं होतं. फळी डोळ्यांच्या रेषेपेक्षा थोडी वर असेल तर बरं, चित्रपटात कॅमेरा असाच खाली ठेवलेला असायचा. बाजूनं बॅटरीचा उजेड टाकला की कंगोऱ्यांच्या सावल्या मागच्या भिंतीवर चढतात आणि सोळा सेंटिमीटर विसरायला होतात. मग जुना ठिपका खोडरबरानं पुसायचा, नाकाच्या बरोबर खाली नवा द्यायचा, शेजारी बारीक अक्षरांत तारीख घालायची, आणि कपाट हळूच लावायचं.